लोकांनी लिहिलेला ज्ञानकोश



संघाची मंडळी निमंत्रण घेऊन दवाखान्यात आली तेव्हा मी त्यांना आधी केसपेपर काढायला सांगितले. ते म्हणाले, ‘डॉक्टर, आम्ही आजारी नाही, यंदाचं व्याख्यान तुम्ही द्यायचं.’ मी आरोग्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटले, विकिपीडियावर बोलतो. मंडळी थोडा वेळ गप्प बसली. मग एकाने विचारले, ‘ते मोबाइलवर येतं ते? त्यात बोलण्यासारखं काय?’

बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तुमच्या घरातला शाळकरी मुलगा एखाद्या गोष्टीची माहिती मोबाइलवर शोधतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या दोन-चार उत्तरांत विकिपीडिया असतो. आपण ते वाचतो आणि खरे धरून चालतो. पण ते लिहिले कुणी, तपासले कुणी, चुकले तर दुरुस्त कोण करतो, हे आपण विचारत नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी न वाचता औषध घेण्यासारखेच हे आहे. म्हणून आज त्या बाटलीवरची चिठ्ठी तुम्हाला वाचून दाखवतो. ती वाचताना मी स्वतः तोंडावर कसा आपटलो, तेही सांगतो.

आधी थोडा इतिहास. ज्ञानकोश ही आपल्याला नवी गोष्ट नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर प्रबंध लिहून परत आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठीत आणले. त्यामागे राजाश्रय नव्हता. केतकरांनी त्यासाठी मर्यादित मंडळी काढली, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले, संपादक आणि लेखनिक पदरी ठेवले. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. एकीकडे एका माणसाची जिद्द, दुसरीकडे सरकारचे पाठबळ. दोन्ही ठिकाणी रीत मात्र एकच होती: तज्ज्ञ लिहिणार, संपादक तपासणार, छापखाना छापणार, आपण वाचणार.

विकिपीडियाने ही रीत उलटी केली. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोन अमेरिकनांनी तो सुरू केला. त्याआधी त्यांचा न्यूपीडिया नावाचा प्रकल्प होता. त्यात तज्ज्ञांकडून लेख घ्यायचे आणि अनेक टप्प्यांत तपासून मगच प्रसिद्ध करायचे, असे चालत असे. पहिल्या वर्षात जेमतेम काही लेख तयार झाले. तेव्हा त्यांनी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली आणलेली ‘विकी’ नावाची सोय वापरली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. या पानावर वाचणाऱ्यालाच ‘संपादन’ असे बटण दिसते. ते दाबा, लिहा, जतन करा. पान त्याच क्षणी बदलते. आधी प्रसिद्ध करायचे आणि मग तपासायचे. ऐकल्याबरोबर वाटते की हे चालणारच नाही. बाजारपेठेत गल्ला उघडा ठेवून ‘ज्याने त्याने हिशेबाने टाका आणि घ्या’ असे सांगितल्यासारखे. पण आज तीनशेहून अधिक भाषांत हे काम चालू आहे आणि एकट्या इंग्रजीत साठ लाखांवर लेख आहेत.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये कन्नड विकिपीडिया सुरू झाला. माझ्या दवाखान्यातल्या बाकड्यावर मराठी आणि कन्नड बोलणारे पेशंट शेजारीशेजारी बसतात, म्हणून या दोन तारखा इतक्या जवळच्या असाव्यात याची मला गंमत वाटते.

आता हे चालते कसे, ते पाहू. मराठी विकिपीडियावरचे कोणतेही पान उघडलेत तर वर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ असे शब्द दिसतात. आपण ते कधी दाबत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

‘इतिहास’ दाबा. त्या पानावर पहिल्या दिवसापासून आजपर्यंत झालेला प्रत्येक बदल तारीख, वेळ आणि करणाऱ्याच्या नावासह ओळीने लावलेला दिसतो. कालचे पान आणि आजचे पान शेजारीशेजारी ठेवून नेमका कोणता शब्द बदलला तेही पाहता येते. आम्हा डॉक्टरांना हे चटकन कळते, कारण हा केसपेपर आहे. केसपेपरवर लिहिलेले खोडरबराने पुसायचे नसते. निदान चुकले तर पुढच्या तारखेला नवे लिहायचे, जुने तसेच ठेवायचे. म्हणजे उद्या दुसरा डॉक्टर आला तरी त्याला कळते की कधी काय वाटले होते आणि ते का बदलले. कुणी येऊन पानभर शिव्या लिहिल्या तरी इतिहासातून आधीचे पान एका कळीसरशी परत आणता येते. घाण करायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळ ती काढायला लागतो. गल्ला उघडा असूनही दुकान चालते ते यामुळे.

मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्यासाठी शब्द गोळा करणारे, अर्थ लावणारे शास्त्री-पंडित आपलेच होते. कोश मात्र साहेबाच्या नावाने ओळखला जातो आणि त्या पंडितांची नावे तुम्हा-आम्हाला ठाऊक नाहीत. विकिपीडियाच्या इतिहासात एक काना दुरुस्त करणाऱ्याचीही नोंद राहते.

‘चर्चा’ हे दुसरे पान. लेखातल्या मजकुरावर मतभेद झाला की तो लेखात भांडायचा नाही, चर्चापानावर बोलायचा. सगळ्या विकिपीडियासंबंधी बोलायचे असेल तर त्यासाठी मराठीत ‘चावडी’ आहे. नावे ठेवणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. नवख्याने लिहून पाहण्यासाठी जी जागा आहे तिला त्यांनी ‘धूळपाटी’ म्हटले आहे. तीच ती काठीने अक्षरे गिरवण्याची पाटी. आपोआप बारीकसारीक कामे करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला ‘सांगकाम्या’ म्हणतात. आणि एका नावाची दोन पाने असतील तर वाचकाला योग्य वाटेला लावणारे जे पान असते, त्याचे नाव ‘निःसंदिग्धीकरण’. शब्द जड आहे, पण आपल्या गावाला त्याची गरज कळते. कंग्राळी म्हटले की बी.के. की के.एच., म्हणजे बुद्रुक की खुर्द, हे पोस्टमनसुद्धा विचारून घेतो.

या सगळ्यावर देखरेख कोण ठेवतो? पगारी संपादक कुणी नाही. ‘अलीकडील बदल’ नावाच्या यादीत जगभरचे बदल क्षणाक्षणाला दिसतात आणि काही स्वयंसेवक ती यादी वाचत बसलेले असतात. ज्याला ज्या विषयाची आस्था, तो त्या पानांची यादी करून त्यांवर नजर ठेवतो. अनुभवी सदस्यांपैकी काहींना बाकीचे सदस्य एकमताने ‘प्रचालक’ करतात. पान काही काळ कुलूपबंद करणे, नासधूस करणाऱ्याला रोखणे, असे अधिकार त्यांना असतात. संगणकांचा खर्च अमेरिकेतील विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था करते. पैसा मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून येतो. पानावर जाहिरात नाही. आणि मजकूर सर्वांसाठी खुला आहे: नाव देऊन, त्याच अटीवर कुणीही तो वापरावा, छापावा, पुढे द्यावा.

आमच्या समाजात शास्त्रदान नावाचे एक दान आहे. ग्रंथाच्या प्रती करवून त्या वाटायच्या. दहाव्या शतकात अत्तिमब्बे या कर्नाटकातील श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रावर लिहवून घेऊन वाटल्या, असे परंपरा सांगते. छापखाना नसताना! विद्या कुलपात ठेवली की वाळवी लागते, हे त्या बाईंना कळले होते.

आता माझी फजिती.

मी बीएचएमएस झालो आणि दवाखाना थाटला. साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर माझा संसार चालला, मुलांची शिक्षणे झाली. काही वर्षांपूर्वी एक कॉलेजात जाणारा पेशंट मोबाइल पुढे करून म्हणाला, ‘डॉक्टर, इथं तर तुमच्या शास्त्राला शास्त्रच म्हणत नाहीत.’ इंग्रजी विकिपीडियावरचा होमिओपॅथीचा लेख होता. पहिल्याच परिच्छेदात छद्मविज्ञान अशा अर्थाचा शब्द. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पुतण्याला बोलावून खाते उघडले. सुरुवातीला इकडच्या-तिकडच्या पानांवर दहा-बारा किरकोळ दुरुस्त्या करून हात बसवला. मग एका रविवारी त्या लेखात माझा परिच्छेद घातला. इतक्या वर्षांचा अनुभव, इतके पेशंट, इतक्यांना आलेला गुण. चहा पिऊन येतो तो पुतण्या म्हणाला, ‘काका, तुमचं काढलंय.’ मी पुन्हा घातले. पुन्हा काढले. तिसऱ्यांदा घातले तेव्हा माझ्या नावाच्या पानावर एक सभ्य शब्दांतली सूचना आली: चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे बदल उलटवू नयेत, चर्चापानावर या.

गेलो. आणि मोठ्या आवेशात अनेकान्तवाद मांडला. वस्तूला अनेक बाजू असतात, तेव्हा दोन्ही बाजूंना सारखी जागा द्या, असे लिहिले. जगाला जैन तर्कशास्त्र शिकवतो आहे अशा थाटात. उत्तर देणारा कोण, कुठला, मला माहीत नाही. त्याने तीन गोष्टी शांतपणे सांगितल्या. पहिली, इथे स्वतःचे संशोधन किंवा अनुभव चालत नाही. आधी कुठे तरी विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झालेलेच घेतात. तुमचे केसपेपर कितीही खरे असले तरी वाचक ते उघडून पाहू शकत नाही. दुसरी, निःपक्षपात म्हणजे दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकणे नव्हे. प्रसिद्ध पुराव्याचे वजन जसे असेल तशी जागा. तिसरी, ज्या गोष्टीवर तुमची उपजीविका आहे, त्या गोष्टीचे पान तुम्ही स्वतः बदलणे टाळावे.

तिसरे वाक्य मला झोंबले. कारण ते खरे होते.

मी मग तळटिपा वाचायला बसलो. आयुष्यात प्रथमच विरोधकांचे मूळ कागद वाचले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटले आहे की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराच्या बाबतीत आढळला नाही. दुसरीकडे आपल्या देशात १९७३ च्या कायद्याने आणि आता २०२० च्या कायद्याने होमिओपॅथीला मान्यता आहे. मी इतकी वर्षे या दोन गोष्टी एकमेकींत मिसळत होतो. कायद्याने मान्यता आहे का हा एक प्रश्न आणि पुराव्याने सिद्ध झाले आहे का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देता येत नाही. चांगल्या लेखात दोन्ही वाक्ये असतात, आपापल्या जागी, आपापल्या आधारासह.

मी दवाखाना बंद केलेला नाही, हे तुम्ही जाणताच. पण एक फरक पडला. छातीत दुखते म्हणून कुणी आला, साखर वाढलेली दिसली, मुलाचा ताप उतरेना, तर मी गोळ्यांची पुडी बांधत बसत नाही. सरळ शहरातल्या हॉस्पिटलची वाट दाखवतो. आधीही दाखवत होतो, पण कधी कधी दोन दिवस थांबून पाहत होतो. आता थांबत नाही. एवढा बदल त्या चर्चापानाने माझ्यात केला. आणि तुम्हालाही सांगतो, विकिपीडिया वाचून आपले आपण औषध ठरवू नका. तो ज्ञानकोश आहे, डॉक्टर नाही.

अनेकान्ताचेही मी पुन्हा वाचले. ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ नव्हे, किंवा ‘सगळ्यांचेच खरे’ असाही नव्हे. ‘एका विशिष्ट अपेक्षेने’, म्हणजे कोणत्या बाजूने पाहून बोलतो आहोत ते सांगून केलेले विधान, असा तो आहे. आपल्या चिकोडी भागातल्या सदलग्याला जन्मलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी प्राकृत ग्रंथ संपादित केले. १९३५ साली निघालेले त्यांचे प्रवचनसार हे जगभर नावाजलेले संपादन. असे संपादक अनेक हस्तलिखिते समोर ठेवतात आणि एका प्रतीत असे आहे, दुसरीत तसे आहे, हे पाठभेद तळाशी नोंदवतात. आवडलेला पाठ ठेवून बाकीचे गुपचूप गाळत नाहीत. विकिपीडियाची उत्तम पाने नेमकी असेच वागतात: हे कोण म्हणतो, कुठे म्हणतो, कधी म्हणाला. सदलग्याच्या माणसाकडून जे मी शिकायला हवे होते, ते मला एका अनोळखी माणसाने शिकवले.

आता हेच तत्त्व आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाला लावून पाहू. तुम्ही अस्वस्थ व्हाल, पण ऐका. बेळगावच्या पानावर कुणी लिहिले, ‘बेळगाव महाराष्ट्राचे आहे.’ ते काढले जाईल. दुसऱ्याने लिहिले, ‘बेळगाव हा कर्नाटकाचा अविभाज्य भाग असून वाद निरर्थक आहे.’ तेही काढले जाईल. मग राहील काय? राहील ते असे: बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, मराठी भाषकांनी त्याला विरोध केला, १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली, महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटकाने उचलून धरला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. यातले एकही वाक्य खोडून काढायला कुणाला जागा नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो. या वाक्यांनी आपले मन भरत नाही, हे मला मान्य आहे. माझेही भरत नाही. पण पुण्याचा, बंगळूरचा किंवा परदेशातला परका वाचक घोषणेपुढे मान फिरवतो आणि तारखेपुढे थांबतो. आपली बाजू खरी आहे असे ज्याला वाटते, त्याने तारखांना भिऊ नये.

दोषही सांगतो, नाहीतर हे औषधाच्या कंपनीचे भाषण होईल. २००५ साली जॉन सायगेनथॅलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी थट्टेने लिहिले की केनेडींच्या हत्येत त्यांचा संशय घेतला गेला होता. हे धादांत खोटे वाक्य चार महिने तसेच होते. त्यानंतर जिवंत व्यक्तींविषयीचे नियम कडक झाले. त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानातल्या ४२ लेखांची ब्रिटानिकाशी तुलना करवली. सरासरीने विकिपीडियात लेखामागे चार आणि ब्रिटानिकात तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने ही तुलना सदोष असल्याचे म्हटले, तेही इथे सांगितले पाहिजे. यातून घ्यायचे ते एवढेच, की छापील ग्रंथही निर्दोष नसतो आणि खुला कोशही टाकाऊ नसतो. तळटीप नसलेल्या वाक्यावर मात्र भिस्त ठेवू नये.

मराठीचा दोष वेगळा आहे. देखरेखीला डोळेच कमी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. मराठी विकिपीडियावरचे लेख लाखाच्या घरात, त्यातले बरेच दोन-चार ओळींचे, आणि नियमित लिहिणारे मोजकेच. लेखात एखादा शब्द तांबड्या अक्षरांत दिसला तर समजावे की त्या नावाचे पान अजून कुणी लिहिलेले नाही. इंग्रजीत चूक तासात सापडते. मराठीत ती वर्षभर बसून राहू शकते, कारण त्या वाटेने कुणी फिरकतच नाही. गावची विहीर उपसली नाही की पाणी खराब होते, तसे.

होमिओपॅथीचे पान मी सोडले, पण लिहिणे सोडले नाही. रात्री दवाखाना बंद झाल्यावर अर्धा तास बसतो. मराठीतल्या पानांचे शुद्धलेखन सुधारतो, तांबड्या शब्दांतले एखादे पान सुरू करतो. आपल्या भागातल्या मोठ्या लेखकांविषयी लिहायला अडचण येत नाही. इंदिरा संत बेळगावात राहिल्या, त्यांच्यावर पुस्तके आहेत, लेख आहेत, आधार भरपूर. अडचण आली ती माझ्याच गावापाशी.

माझ्याकडे एक वृद्ध पेशंट यायचे. नाव सांगत नाही. दम्याचा त्रास. पुडी घेतल्यावरही बाकड्यावर बसून राहायचे आणि बोलायचे. मार्कंडेय नदीला पूर आला की गावात पाणी कुठवर यायचे, कोणती विहीर कुणी खणली आणि तिच्यावर पाणी भरायला कुणाला मज्जाव होता, तो मज्जाव कुणी आणि कसा मोडला, छप्पन्न साली गावात काय काय घडले, शाळेची पहिली भिंत कुणाच्या वर्गणीतून उभी राहिली. मी मान डोलवायचो आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले.

मग एके रात्री गावाच्या पानावर लिहायला बसलो तेव्हा मला ती विहीर आठवली. बोटे थांबली. आधार कुठला देणार? ‘बाकड्यावर ऐकले’ हा आधार होत नाही, आणि तो का होत नाही हे मी आता चांगले शिकलो होतो. जुना केसपेपर काढून पाहिला. त्यावर माझ्या अक्षरात त्यांचा वीस वर्षांचा खोकला लिहिलेला आहे. रात्री किती वेळा उठतात, कोणत्या कुशीवर झोपतात, थंडीत वाढतो की पावसाळ्यात, सगळे. विहिरीविषयी एक ओळ नाही.

हा दोष ज्ञानकोशाचा नव्हे. तो म्हणतो, आधी कुठेतरी प्रसिद्ध करा, मग मी घेतो. प्रसिद्ध करण्याचे काम आपले होते. आपण बोलत राहिलो आणि लिहिले नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा आपल्या आसपासच्या गावांत साहित्य संमेलने भरतात, मांडव पडतो, ग्रंथदिंडी निघते, दूरदूरचे पाहुणे येतात. पण गावाचा इतिहास ज्यांच्या तोंडी आहे, ती माणसे मांडवात मागच्या रांगेत बसलेली असतात आणि त्यांना कुणी माइक देत नाही.

म्हणून साहित्य संघाला आणि तुम्हा वाचकांना माझी विनंती आहे. या व्याख्यानमालेची पुस्तिका दरवर्षी निघते. तिच्यात एक व्याख्यान पाहुण्यांचे असू द्या आणि सोबत गावातल्या एका वृद्ध स्त्रीची किंवा पुरुषाची हकीकत छापा. कुणी सांगितली, कुणी लिहून घेतली, कोणत्या तारखेला, हे वर स्पष्ट लिहा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही छापा. पाठभेद असू द्या. सांगणाऱ्याची संमती घ्या, आणि जे त्यांनी विश्वासाने सांगितले ते गाळा. डॉक्टर म्हणून मला बऱ्याच घरांतले बरेच माहीत आहे, आणि त्यातले बहुतेक माझ्याबरोबरच जायला हवे. पुस्तिकेवर प्रकाशकाचे नाव, वर्ष, पानांचे आकडे नीट असू द्या. प्रती गावातच वाटून संपवू नका. बेळगाव आणि निपाणीच्या वाचनालयांत, कॉलेजांच्या ग्रंथालयांत पोचवा. दैनिकात त्याची बातमी द्या.

एकच पुस्तिका म्हणजे गावाचा पुरा इतिहास झाला असे मी म्हणत नाही. एका हकिकतीवर सगळे पान उभे करू नये, हेही त्या कोशाचेच शिकवणे. पण दहा वर्षांत दहा हकिकती, सोबत शाळेचे हजेरीपट, पंचायतीचे ठराव, जुन्या अंकांतल्या बातम्या यांवर कुणी अभ्यासू मुलीने किंवा मुलाने एक पुस्तक लिहिले, तर त्या पुस्तकाच्या आधाराने आपल्या विहिरीची दोन वाक्ये ज्ञानकोशात बसतील आणि तिथून ती कुणाला काढता येणार नाहीत.

दुसरी विनंती तरुणांना. रविवारी सकाळी माझा दवाखाना बंद असतो. बाकडे रिकामे असते, संगणक आहे, चहा मी देतो. आधी धूळपाटीवर हात बसवू. मग नदीचा, मळ्यांचा, गावाच्या वेशीचा स्वतः काढलेला एकेक फोटो चढवू. मराठीत जे लिहाल त्यातले जमेल तेवढे कन्नड पानावरही कन्नड येणाऱ्या मित्राकडून लिहून घ्या. तारीख दोन्हीकडे एकच असली पाहिजे.

आणि ज्यांना यातले काही जमणार नाही त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या आज्जा-आज्जींजवळ बसून वहीत एक पान लिहून घ्यावे. वर तारीख घालावी. मी वीस वर्षे माझ्याच हातातला केसपेपर चुकीच्या प्रश्नांनी भरला. तुम्ही तसे करू नका.